ऐंशी टक्के कशाचे?

मी पॅथॉलॉजिस्ट. पुण्यात एका खासगी प्रयोगशाळेत बसते. माझ्याकडे माणसं येत नाहीत, त्यांचे तुकडे येतात: फॉर्मॅलिनच्या डबीत, वर चिकटपट्टीने नाव डकवलेले. त्यामुळे ज्या रुग्णाचा चेहरा पाहिला, ते प्रकरण डोक्यातून जात नाही. हे त्यातलं एक. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

काकूंचं वय ५८. मूळच्या जुन्या वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातल्या. गेली काही वर्षं मुलाकडे धायरीला. पावसाळ्यात लागलेला खोकला दिवाळी उलटली तरी हटेना. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात सावली दिसली. वरच्या भागात सावली म्हणजे टीबी, हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं आहे की थुंकीत जंतू सापडले नसतानाही टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या डॉक्टरांना मी फार बोल लावत नाही. आपल्या देशात अशी सावली बऱ्याचदा टीबीचीच निघते. पण गोळ्या घेऊन दोन महिन्यांत वजन वाढायच्या ऐवजी सहा किलो उतरलं, तेव्हा तरी कुणीतरी थांबायला हवं होतं. तिसऱ्या महिन्यात छातीत पाणी झालं, जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा कुठे सीटी स्कॅन झाला आणि साडेतीन सेंटीमीटरची गाठ समोर आली.

बायोप्सीच्या वेळी मी सीटीच्या खोलीत होते. सुईने काढलेला तुकडा पुरेसा आहे का, त्यात गाठीच्या पेशी आहेत का, हे तिथल्या तिथे पाहून सांगायला पॅथॉलॉजिस्ट लागतो. दुसऱ्यांदा टोचायची वेळ येऊ नये, एवढाच हेतू. फॉर्म भरताना मी विचारलं, "काकू, तंबाखू, विडी, सिगारेट?"

"इडी न्हाई वढली कधी, बाई. मिशेरी लावते. अन् चुलीफुडं जलम गेला."

मी फॉर्मवर लिहिलं: धूम्रपान नाही. या दोन शब्दांचं वजन तेव्हा फक्त मला माहीत होतं. मुलाला ते पुढच्या आठवड्यात कळलं.

अंक आधी गेला

तुकड्यात अ‍ॅडिनोकार्सिनोमा निघाला, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींचा कॅन्सर. टीटीएफ-१ ही खूण पॉझिटिव्ह, म्हणजे मूळ फुप्फुसातच. छातीतल्या पाण्यातही त्याच पेशी होत्या, म्हणून चौथी स्टेज. अशा वेळी पुढच्या तपासण्या ठरलेल्या असतात: ईजीएफआर, एएलके आणि इतर जनुकं, आणि पीडी-एल१ नावाचं प्रथिन किती पेशींवर आहे त्याची टक्केवारी. पहिल्या गटातून कळतं की कॅन्सर कुठल्या म्युटेशनवर, म्हणजे उत्परिवर्तनावर, चालतो आहे. दुसऱ्यातून अंदाज येतो की इम्युनोथेरपी, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारशक्तीला मोकळं सोडणारं औषध, लागू पडेल का.

घोळ झाला तो वेळेमुळे. पीडी-एल१ ही स्लाइड रंगवून पाहण्याची तपासणी, दुसऱ्या दिवशी हातात. ईजीएफआरचा नमुना जनुक विभागात जातो, तिथे बॅच भरायची वाट पाहतो, आणि आमच्याकडे त्याला आठवडा लागतो. मंगळवारी संध्याकाळी पीडी-एल१ तयार होतं. मी सही केली आणि रिपोर्ट पाठवून दिला. एकटा.

पीडी-एल१: ८० टक्के.

बुधवारी दुपारी काकूंचा मुलगा प्रयोगशाळेत हजर. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे, आकड्यांचा माणूस. मोबाइलवर माझाच रिपोर्ट उघडा. "मॅडम, ऐंशी म्हणजे डिस्टिंक्शनच ना? पन्नासच्या वर असेल तर केमोशिवाय नुसतं इम्युनो देतात, असं वाचलं मी."

त्याने वाचलं होतं ते खरं होतं. २०१६ साली कीनोट-०२४ या चाचणीत पीडी-एल१ किमान ५० टक्के असलेल्या रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध एकटं दिलं. केमोच्या गटात आजार सरासरी ६ महिने आवरला गेला, या गटात १०.३ महिने. त्याच्या साहेबांच्या वडिलांना तेच इंजेक्शन मिळालं होतं, दोन वर्षं झाली, गृहस्थ रोज सकाळी तळजाईला फिरायला जातात. आपल्या ऑन्कॉलॉजिस्टने, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांनी, "सगळे रिपोर्ट येऊ देत" म्हटलं होतं, म्हणून त्याने दुसरीकडे मत घेतलं. तिथे शनिवारी पहिलं इंजेक्शन द्यायचं ठरलं. मेडिक्लेमची पूर्वपरवानगीही मागून झाली होती. आई रात्री आडवी होऊ शकत नाही, उशीला टेकून बसल्या बसल्या झोपते, असं तो म्हणाला आणि खाली बघत राहिला.

त्याने वाचलं नव्हतं ते एवढंच: कीनोट-०२४ मध्ये ईजीएफआर किंवा एएलकेचं म्युटेशन असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. ज्या दारातून त्याची आई कदाचित आतच आली नसती, त्या दारामागचा निकाल तो मला दाखवत होता. आणि तो अंक एकटा त्याच्या हातात दिला होता मीच.

दोन स्लाइडी

आमच्याकडे दोघांनी एकाच वेळी पाहता येईल असा मायक्रोस्कोप आहे, विद्यार्थ्यांना शिकवायला. नातेवाइकांना मी त्यावर बसवत नाही. त्या दिवशी बसवलं.

पीडी-एल१चा रंग तपकिरी असतो. पेशीच्या कडेला तो चढला, अर्धवट का होईना, की ती पेशी मोजायची. किमान शंभर पेशी असल्याशिवाय टक्केवारी लिहायची नाही. काकूंच्या स्लाइडवर जवळजवळ प्रत्येक पेशीला कडेने बारीक तपकिरी रेघ होती, एकसारखी, जणू कुणी बसून एकेकीला काठ शिवलाय. आणि मधे? मधे काहीच नव्हतं. टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे ते गर्द निळे ठिपके, गाठीबाहेरच्या तंतूंत दोन-चार रेंगाळत होत्या. आत एकही शिरलेली दिसत नव्हती.

मग शिकवण्याच्या पेटीतली दुसरी स्लाइड लावली. चाळीस वर्षं विड्या ओढलेल्या माणसाची, जुनी. तिथेही पीडी-एल१ ऐंशीच्या घरात. पण तपकिरी रंग ठिकठिकाणी दाट, आणि जिथे दाट तिथेच निळ्या ठिपक्यांची झुंबड: कॅन्सरच्या पेशींना खेटून, काही तर त्यांच्यामध्ये घुसलेल्या.

"अंक तोच आहे," मी म्हटलं. "पण या दोन्ही गोष्टी एक वाटतायत का तुम्हाला?"

तो बराच वेळ आळीपाळीने पाहत राहिला. "ह्याच्यात गर्दी आहे," एवढंच म्हणाला.

पीडी-एल१ला मी वाड्याच्या दाराचा अडसर म्हणते. टी पेशी दारावर धडका द्यायला आली की तिच्यावरच्या पीडी-१ला हे प्रथिन जाऊन बिलगतं आणि तिचा जोर ओसरतो. इम्युनोथेरपीचं औषध हा अडसर काढतं. पीडी-१चा शोध जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली लागला. असाच दुसरा ब्रेक, सीटीएलए-४, काढून टाकला तर कॅन्सरवर हल्ला होतो हे अमेरिकेच्या जेम्स अ‍ॅलिसन यांनी दाखवलं. दोघांना २०१८चं नोबेल विभागून मिळालं. पण अडसर घातला कशासाठी, हे त्या टक्केवारीत लिहिलेलं नसतं.

विडीवाल्याच्या वाड्यात तो घातला होता कारण बाहेरून धडका बसत होत्या. टी पेशी लढताना इंटरफेरॉन गॅमा हा संदेश देणारा रेणू सोडतात, तो लागला की कॅन्सरची पेशी बचावासाठी पीडी-एल१ वर आणते. म्हणजे तिथला अडसर हाच लढाईचा पुरावा. तो काढला की बाहेरची फौज आत घुसते. ईजीएफआर बिघडलेल्या गाठीत गोष्ट वेगळी असू शकते. तिथे बिघडलेलं ईजीएफआर आतूनच सतत संदेश पाठवत असतं, आणि त्याच संदेशाच्या साखळीतून पीडी-एल१ बनत राहतं, दारात कुणी असो वा नसो. अडसर जन्मापासून लावलेलाच. काढला, तरी ढकलायला बाहेर आहे कोण?

फौज का नसते, त्याचंही उत्तर म्युटेशनमध्येच आहे. तंबाखूचा धूर डीएनएवर वर्षानुवर्षं ओरखडे काढतो. धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये म्युटेशनची संख्या न करणाऱ्यांपेक्षा साधारण दहापट भरते. यातली बरीचशी निरुपयोगी असली तरी काहींमुळे पेशीच्या पृष्ठभागावर अशी अनोळखी प्रथिनं मांडली जातात, जी टी पेशींना परकी वाटतात. ओरखडे जास्त, तेवढी ओळख पटण्याची शक्यता जास्त. ज्यांनी कधी विडी ओढली नाही त्यांच्या गाठीला मात्र बहुधा एकच मोठा बिघाड पुरतो. ईजीएफआरचं बटण चालू स्थितीत अडकलं की गाठ वाढायला आणखी काही लागत नाही. टी पेशीला दिसण्याजोगं परकं असं तिच्यात फारसं नसतंच. त्यावर या गाठींमध्ये सीडी७३ नावाचं विकर पुष्कळदा जास्त असतं; ते अ‍ॅडेनोसिन तयार करून उरल्यासुरल्या टी पेशींनाही थंड करतं. जगातल्या अनेक केंद्रांनी मिळून ५५१ रुग्णांची नोंद २०१९ साली प्रसिद्ध केली. इम्युनोथेरपीला प्रतिसाद केरास हे जनुक बिघडलेल्यांत २६ टक्के, ईजीएफआर बिघडलेल्यांत १२ टक्के, एएलकेवाल्यांत शून्य.

(विडीवाले सगळेच नशीबवान, असंही नाही. केरासच्या सोबत एसटीके११ हे जनुक गेलेलं असेल तर गाठ पुन्हा थंड पडते. २०१८च्या एका अभ्यासात अशा रुग्णांत प्रतिसाद ७.४ टक्के होता. केरासच्या जोडीला पी५३ हे जनुक बिघडलेलं असेल तर ३५.७. साहेबांच्या वडिलांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. पण पैज लावायची झाली तर त्यांचं एसटीके११ शाबूत असणार.)

"आधी सुरू केलं तर बिघडलं काय?"

हे सगळं ऐकून त्याने जो प्रश्न विचारला तो खरा क्वालिटीवाल्याचा. "ठीक आहे, लागू पडणार नाही कदाचित. पण चार दिवस वाया घालवण्यापेक्षा सुरू करू, मग ईजीएफआर निघालं तर त्याची गोळी देऊ. नुकसान काय?"

नुकसान आहे, आणि हे सांगायलाच मी हे प्रकरण लिहायला घेतलं. पीडी-१ विरोधी औषध शिरेतून एकदा गेलं की काम संपवून निघून जात नाही. टी पेशींवर ते आठवडे, महिने चिकटून असतं. त्यावर लगेच ऑसिमर्टिनिब, म्हणजे ईजीएफआरची आजची मुख्य गोळी, दिली तर प्रतिकारशक्ती रुग्णाच्याच फुप्फुसावर उलटू शकते. २०१९ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांचा हिशोब मांडला. आधी इम्युनो आणि मग ऑसिमर्टिनिब घेतलेल्या ४१ जणांपैकी ६ जणांना गंभीर त्रास झाला. मधलं अंतर तीन महिन्यांपेक्षा कमी होतं त्यांच्यात २१ पैकी ५. उलटा क्रम, म्हणजे आधी गोळी मग इम्युनो, त्यात २९ पैकी एकालाही नाही. दोन्ही औषधं एकत्र देऊन पाहण्याचा प्रयत्नही झाला होता, ऑसिमर्टिनिबसोबत दुर्व्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध. ३४ पैकी १३ जणांना फुप्फुसाचा दाह झाला, आणि तो रस्ता बंद करावा लागला.

म्हणजे शनिवारचं इंजेक्शन फुकट गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. त्याने तीच गोळी धोक्याची करून ठेवली असती जी आईला खरोखर लागू पडणार होती.

त्याला मी लिझबर्ग आणि सहकाऱ्यांच्या चाचणीबद्दलही सांगितलं, कारण नेमकं हेच तिथे करून पाहिलं होतं: ईजीएफआर बिघडलेले, गोळी अजून न घेतलेले, पीडी-एल१ असलेले रुग्ण, आणि आधी पेम्ब्रोलिझुमॅब. २५ जणांना घ्यायचं ठरलं होतं. ११ जणांनंतर चाचणी थांबवली. त्या ११ पैकी बहुतेकांचं पीडी-एल१ ५० टक्क्यांच्या वर होतं. गाठ आक्रसली ती एकाचीच. आणि त्याचा तुकडा परत तपासला तर ईजीएफआरचा मूळ रिपोर्टच चुकीचा निघाला. पॅथॉलॉजिस्ट म्हणून हे वाक्य मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा पोटात गोळा येतो.

तो म्हणाला, "मॅडम, हे रिपोर्टवर का नाही लिहीत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चार दिवस

थांबायचं तर आईला दम लागतो त्याचं काय, हा प्रश्न होताच. त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टला मी तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, छातीत नळी घालून पाणी काढू. आणि अगदीच थांबणं अशक्य झालं तर नुसती केमो सुरू करू, इम्युनो बाजूला ठेवून. हा मधला मार्ग घरच्यांना क्वचितच सांगितला जातो. त्यांच्यापुढे ठेवलेलं असतं ते "आत्ता सुरू करा" किंवा "थांबा", एवढंच. गुरुवारी नळी पडली, सव्वा लिटर पाणी निघालं, आणि काकू त्या रात्री आडव्या झोपल्या. शनिवारचं इंजेक्शन मुलाने स्वतः फोन करून रद्द केलं.

जनुक विभागातल्या सहकाऱ्याला मी बॅच भरायची वाट न पाहता काकूंचा नमुना लावायला सांगितलं. दोन रिकाम्या जागांचं रसायन वाया गेलं, त्यावरून नंतर थोडी बोलाचाली झाली. सोमवारी दुपारी आलेखावर रेघ उठली: ईजीएफआर, १९ व्या एक्सॉनमधला, म्हणजे जनुकाच्या एका भागातला, तुकडा गळालेला. भारतातल्या फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात साधारण पाव रुग्णांमध्ये ईजीएफआर बिघडलेलं सापडतं. विडी-सिगारेट न ओढलेल्या बायकांत त्याहून पुष्कळ जास्त. सीटीच्या खोलीतल्या त्या "इडी न्हाई वढली कधी"ने अर्धा रिपोर्ट आधीच दिला होता.

पुढचा भाग माझ्या हातातला नाही, म्हणून थोडक्यात. ऑसिमर्टिनिब सुरू झालं, रोज एक गोळी, ८० मिलिग्रॅम. (इथेही ऐंशीच. मुलाच्या ते माझ्याआधी लक्षात आलं.) गेफिटिनिब या ईजीएफआरच्या जुन्या गोळीपेक्षा ती कितीतरी महाग. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात तिच्यावरचं सीमाशुल्क माफ झालं, तरी धायरीतल्या पगारदार घराला झेपेल अशी ती नव्हती, आणि कागदपत्रांत, मेडिक्लेमच्या हेलपाट्यांत त्यांचे दोन आठवडे गेले. फ्लोरा चाचणीत या गोळीने आजार सरासरी १८.९ महिने आवरून धरला होता, जुन्या गोळ्यांनी १०.२. गोळीसोबत केमो दिली तर हा काळ आणखी वाढतो, हेही आता माहीत आहे. पण काकूंचं वजन बेचाळीस किलोवर आलं होतं, आणि "सुया बास झाल्या" असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. ऑन्कॉलॉजिस्टने ताणलं नाही. मला ते पटलं.

तिसऱ्या महिन्याच्या स्कॅनमध्ये साडेतीन सेंटीमीटरची गाठ सव्वावर आली होती. पाणी नाही. नखांच्या कडा सोलवटतात, अंगावर थोडं पुरळ आहे, मधूनच जुलाब होतात. वजन सत्तेचाळीस. गावच्या जत्रेला जाऊन आल्या, पण चुलीजवळ सुनेने बसू दिलं नाही, ही त्यांची तक्रार.

मुलगा पेढे घेऊन आला तेव्हा त्याने पुढचं विचारलंच. गोळीचा असर कधीतरी संपणार, मग तरी इम्युनो? गोळी हरल्यावर केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब देऊन पाहिलं, कीनोट-७८९ मध्ये. ठोस फायदा दिसला नाही. रक्तवाहिन्यांवर काम करणारी औषधं जोडीला दिली तर काही रुग्णांत चित्र बदलतं, असं काही चाचण्यांत दिसलंय. मी त्याला सांगितलं की तेव्हा नवा तुकडा घ्यावा लागेल, आणि आधी हे पाहावं लागेल की कॅन्सरने गोळी चुकवायला कुठली नवी वाट काढली. पीडी-एल१ त्यानंतर.

आमच्या प्रयोगशाळेत आता फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमाचा पीडी-एल१ रिपोर्ट एकटा बाहेर जात नाही. ईजीएफआर आणि एएलके आल्यावर तिन्ही एकाच कागदावर जातात. डॉक्टरांनी घाई केलीच तर टक्केवारीच्या वर ठळक अक्षरांत ओळ छापली जाते: ईजीएफआर, एएलके प्रलंबित, निकालाआधी इम्युनोथेरपी सुरू करू नये. ही ओळ छापायला लावताना मला दोन बैठका आणि एका मोठ्या ग्राहक रुग्णालयाची नाराजी घ्यावी लागली. त्यांना अहवाल वेळेत हवा होता, पूर्ण हवा होता असं नाही.

काकूंचा मेणाचा ब्लॉक अजून आमच्या कपाटात आहे. इतक्या तपासण्यांनंतर त्यात तुकडा नखाच्या चिमटीएवढाही उरलेला नाही. मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर, घेतला तर फार तर दहा-बारा पातळ काप निघतील. त्यावर मी लाल चिठ्ठी डकवली आहे: "पुढच्या तपासणीसाठी राखीव. विचारल्याशिवाय कापू नये."